मुक्कामी गाडीच्या वाटेने

कोणत्या रस्त्यावर वर्दळ किती, हे कळायला मी अजूनही एसटीचं वेळापत्रक बघतो. जिथे तासा-दोन तासाला फेरी आहे, तो रस्ता पुढे कुठेतरी मोठ्या गावाला जाऊन मिळतो. आणि जिथे संध्याकाळी एकच गाडी जाते, चालक-वाहक रात्री गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी शाळा-कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका घेऊन परत फिरते, तो रस्ता त्या गावातच संपतो. महाड आगारात मी चालक होतो. अशा मुक्कामी गाड्यांची ड्युटी मी मागून घ्यायचो. निवृत्त झाल्यावर त्याच रस्त्यांवर मी सायकल चालवतो. शांत रस्ता कुठे सापडेल, असं विचारणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं: संपणारा रस्ता शोधा.

माझं गाव नाते. महाडहून रायगडाकडे निघालात की वाटेत लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख १८९६ साली याच गावात जन्मले. गावापासून मुंबई-गोवा महामार्ग जवळ आहे. त्यावर सायकल चालवण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. पण महामार्ग सोडून पूर्वेला वळलं की चित्र बदलतं, आणि त्याचं कारण आमच्या भूगोलात आहे.

डोंगराने अडवलेले रस्ते

महाड समुद्रसपाटीपासून जेमतेम उंच आहे. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटमार्गे गलबतं यायची, असं हे जुनं बंदर. तिथून पूर्वेला काही मैलांवर सह्याद्रीचा कडा उभा ठाकतो. महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा १,४३८ मीटरवर आहे. एवढ्या कमी अंतरात एवढी उंची असल्यामुळे महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतून देशावर चढणारे मोटारीचे जुने घाट दोनच: भोरकडे जाणारा वरंधा आणि महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी. बाकीच्या वाटा पायी चालणाऱ्यांच्या. मढे घाट, ढवळे घाट, लिंगाण्याशेजारची बोराट्याची नाळ, या वाटांनी माणूस चढतो, चाक चढत नाही.

त्यामुळे सावित्री, काळ, गांधारी, ढवळी या नद्यांच्या खोऱ्यांत शिरणारे डांबरी रस्ते कड्याच्या पायथ्याशी जाऊन थांबतात. त्यांच्यावर परगावी निघालेला ट्रक नसतो, जवळचा रस्ता म्हणून घुसलेली मोटार नसते. जी गाडी दिसते ती त्या खोऱ्यातल्याच कुणाची तरी असते, आणि तिचा चालक सायकलवाल्याला बघून वेग कमी करतो.

चार वाटा

पहिली माझ्या दारातलीच. नात्याहून कोंझर आणि पुढे चढण चढून पाचाड. महाडपासून मोजलं तर पाचाड साधारण पंचवीस किलोमीटर. पाचाडात जिजाऊंची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर बाराच दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, त्यांनी इथेच देह ठेवला. बहुतेक वाहनं इथून रायगडाच्या पायऱ्यांकडे आणि रोपवेकडे जातात. सायकल घेऊन मात्र खाली रायगडवाडी आणि छत्री निजामपूरच्या दिशेने उतरावं. टकमक टोक डोक्यावर येतं आणि गर्दी मागे राहते.

दुसरी काळ नदीची. बिरवाडीवरून वाळणकडे जायचं. वाळण कोंडीतल्या माशांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या अभय दिलेलं आहे. डोहातलं पाणी खोल आहे आणि मासे देवीचे मानतात, म्हणून तिथे पोहायला कुणी उतरत नाही. आपणही काठावरच थांबावं. पुढे खोरं अरुंद होत जातं आणि समोर लिंगाण्याचा सुळका दिसू लागतो.

तिसरी पोलादपूरहून उमरठ आणि ढवळे. उमरठला तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. सिंहगडावर पडलेल्या तानाजींचा देह मढे घाटाने उतरवून इथे आणला, असं आमच्याकडे सांगतात. ढवळ्याला रस्ता संपतो. समोर चंद्रगड, त्याच्या मागे महाबळेश्वरच्या आर्थर सीटचा कडा. वरून पर्यटक जी दरी बघतात, तिच्या तळाशी तुम्ही सायकल टेकवून उभे असता.

चौथी पाण्याची, आणि ती संपत नाही, म्हणून ती नीट वेळ निवडूनच करावी. वरंधा घाट चढून वाघजाईपाशी चहा-भजी घ्यायची आणि पलीकडे उतरायचं. तिथून भोरपर्यंत बराच वेळ नीरा देवघर धरणाच्या जलाशयाची सोबत असते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांत पसरलेल्या बोडेन सरोवराभोवती सायकलींसाठी अडीचशेहून अधिक किलोमीटरची आखलेली वाट आहे. जपानमध्ये बिवा तलावाला दोनशे किलोमीटरची फेरी मारतात. आपल्या धरणांभोवती तशी वाट अजून नाही, पण पाण्याच्या कडेने डोंगर बघत जाण्याचं सुख या रस्त्यावर पुरेपूर मिळतं.

चढाचा गिअर, उताराचा ब्रेक

आंबेनळीच्या रस्त्याने पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर साधारण चाळीस किलोमीटर आणि चढ सुमारे तेराशे मीटर. हा चढ ताकदीने चढायचा नसतो, गिअरने चढायचा असतो. पुढचं दातेरी चक्र लहान आणि मागचं मोठं घेतलं की एका पायडलमध्ये सायकल कमी अंतर जाते, पण गुडघ्यावर भार येत नाही. पुढे ३२ दात आणि मागे ३२ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. घाटासाठी याच्या जवळपासचा गिअर हवाच.

गिअरच्या सायकलचा प्रसार शर्यतवाल्यांनी नव्हे, भटकणाऱ्यांनी केला. फ्रान्समधल्या सेंट एतिएन या डोंगराळ भागातल्या शहरात पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होते. ‘वेलोसिओ’ या नावाने ते लिहीत. सायकलवरून सावकाश प्रवास करावा, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं आणि त्यासाठी गिअरचा आग्रह धरला. टूर द फ्रान्स या शर्यतीत मात्र साखळी बदलणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. भूक लागण्याआधी खावं आणि तहान लागण्याआधी पाणी प्यावं, हा वेलोसिओंचा सल्ला मी आमच्या घाटांत रोज पाळतो.

उतारावर एसटीचं शिक्षण सायकलला लागू पडत नाही, हे नीट समजून घ्या. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं, असं आम्हाला शिकवलेलं. सायकलला फ्रीव्हील असतं. पाय थांबले तरी चाक पळत राहतं, आणि सगळा वेग ब्रेकनेच आवरायचा असतो. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करावा, ब्रेक दाबून न धरता आलटून-पालटून लावावेत, आणि लांब उतारावर मधेमधे थांबून रिम किंवा डिस्क गार होऊ द्यावी. निघण्याआधी ब्रेकची रबरं बघावीत. ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान जवळ असावंच, कारण संपणाऱ्या रस्त्यावर सायकलचं दुकान नसतं.

केव्हा निघावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमच्याकडचा सर्वांत चांगला काळ. भात कापून झालेलं असतं, सकाळी खोऱ्यात धुकं असतं, नद्यांना पाणी असतं. उजाडताच निघावं. बिरवाडीजवळ औद्योगिक वसाहत आहे. कामगारांच्या बस आणि टँकर वाढण्याआधी तो पट्टा मागे टाकावा. ६ जून, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी आणि चैत्र पौर्णिमा या दिवशी रायगडाचा रस्ता शिवभक्तांचा असतो. २० मार्चला महाडात चवदार तळ्यावर देशभरातून माणसं येतात. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या दिवशी सायकल घरी ठेवावी आणि तळ्यावर पायी जावं.

पावसाळ्यात घाटात जाऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. धबधब्यांचे फोटो बघून पोरं निघतात, पण आमच्या डोंगराचा पाऊस साधा नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या आमच्या एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट पुरात गेल्या. वर्षानुवर्षं त्याच पुलावरून गाडी नेलेल्या माणसाला त्या रात्रीनंतर नदीकडे पूर्वीच्या नजरेने बघता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सायकल धुऊन, तेल घालून ठेवावी.

गावाचं देणं

संपणारा रस्ता आपल्याला शांतता देतो, पण तिथे राहणाऱ्यांसाठी तो अडचणीचा असतो. बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, त्याला त्याच एका रस्त्याने महाड किंवा पोलादपूर गाठावं लागतं. तरणी माणसं मुंबईला निघून जातात, घरं बंद होतात, प्रवासी कमी झाले की फेरीही कमी होते. आपण ज्या शांततेसाठी येतो, तिची किंमत या गावांनी मोजलेली आहे.

म्हणून सायकलवरून येणाऱ्याने शेवटच्या गावात नुसतं वळून परतू नये. आदल्या दिवशी निरोप द्यावा, कुणाच्या तरी घरी भाकरी आणि पिठल्याचं जेवण सांगावं, रात्री तिथेच राहावं आणि मागितले असतील तेवढे पैसे घासाघीस न करता द्यावेत. शहरातून आणलेला कचरा पिशवीत घालून परत न्यावा. वीर स्टेशनवर उतरून कोकण रेल्वेने येणाऱ्यांना हे दोन दिवसांत सहज जमतं. एका खोऱ्यात महिन्यातून चार माणसं जरी अशी मुक्कामाला राहिली, तरी एखाद्या घरातल्या बाईच्या हातात चार पैसे येतील. दिवसभरात किती किलोमीटर झाले, ते मोजायला सायकलवर यंत्र लावता येतं. पण प्रवास आखताना आधी शेवटच्या गावात मुक्काम ठरवा आणि मग किलोमीटर मोजा.