उल्हासनगरच्या पाट्यांवरील ‘आणी’

अंबरनाथ-बदलापूरकडून येणाऱ्या प्रवाशाला उल्हासनगरमधील पाट्या वाचताना सारे एकाच घराण्यातील असावेत, असे वाटते. सिंधी आडनावांतील ‘आणी’ (लिहिताना पुष्कळदा ‘आनी’) म्हणजे ‘अमक्याचे वंशज’. तलरेजा, मखिजा यांतील ‘जा’ही वंशवाचकच.

मराठी ‘कर’ गाव सांगतो; मंगेशीचे ते मंगेशकर. ‘आणी’ मूळपुरुष सांगतो. आडूमल या पूर्वजावरून अडवाणी हे नाव पडल्याचे मानले जाते. कराचीत जन्मलेले लालकृष्ण अडवाणी आणि पुण्यात जन्मलेला बिलियर्ड्सपटू पंकज अडवाणी यांच्यात म्हणूनच निकटचे नाते शोधण्याचे कारण नाही. पिढ्यांमागचा एक पूर्वज एवढाच दुवा.

फाळणीत गावे सीमेपलीकडे राहिली. कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी उल्हासनगरची कोनशिला बसविली. पूर्वजाचे नाव मात्र सामानासोबत आले. त्याला जमीन लागत नव्हती!

पुढे ही नावे संस्थांवरही चढली. येथे तलरेजा महाविद्यालय आहे, तसेच चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालयही. दुसरे चालविणारे मंडळ १९४९ मध्ये प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी स्थापन केले. संस्थापकांच्या आडनावांत गाव नव्हते. मंडळाच्या नावात ते राहिले : हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड.