उत्तराच्या शब्दांत शोधताना

१९९५च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा इंटरनेटवर शोधणं ही शिकून घ्यायची गोष्ट होती. स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांची ‘याहू’ १९९४पासून होती, पण ती माणसांनी विषयवार लावलेली यादी. अल्टाव्हिस्टाने पानांतला शब्द न् शब्द नोंदवला आणि शोधणाऱ्यापुढे ढीग ओतला. ‘जावा’ टाइप केलं की इंडोनेशियातलं बेट, नवी प्रोग्रॅमिंगची भाषा आणि कॉफी, सगळं एकदम हजर. मग शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावून ‘हा हवाच’ म्हणायचं, वजाचं लावून ‘हा नको’, अवतरणचिन्हांत घालून ‘हे शब्द याच क्रमाने’. ‘नीअर’ वापरलं की दोन शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत असलेली पानंच मिळायची.

ही विद्या ज्यांच्या हातात सहज बसली ते अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल. वाचक विचारतो ते आणि त्याला हवं असतं ते यांत पुष्कळदा अंतर असतं, म्हणून आधी चार प्रश्न विचारून नेमकी गरज काढून घ्यायची, हे त्यांच्या शिक्षणातच असतं; ‘रेफरन्स इंटरव्ह्यू’ म्हणतात त्याला. गेल्या तीस वर्षांत शोधयंत्रं कितीही बदलली, तरी या पद्धतीतून येणारी एक गोष्ट टिकली आहे: आपल्या प्रश्नाचे शब्द बाजूला ठेवा आणि उत्तर ज्या पानावर असेल त्या पानावर कोणते शब्द असतील याचा विचार करा. पावसात घराचं छत गळतंय. ‘छत गळतंय, काय करू’ असं इंग्रजीत टाकलं की छपराच्या ठेकेदारांच्या जाहिराती येतात. छपराचं काम जाणणारा माणूस मात्र ‘चिमनी’ आणि ‘फ्लॅशिंग’ लिहितो, कारण गळती बऱ्याचदा चिमनी आणि छत यांच्या सांध्यावरच्या पत्र्याशी असते आणि त्याला फ्लॅशिंग म्हणतात. हे दोन शब्द टाकले की दुरुस्ती दाखवणारी पानं वर येतात.

१९९८मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी ‘गुगल’ या आपल्या शोधयंत्रावर निबंध लिहिला. नोव्हेंबर १९९७मध्ये चार आघाडीच्या व्यावसायिक शोधयंत्रांपैकी एकालाच स्वतःचं नाव शोधल्यावर पहिल्या दहांत स्वतःचं पान दाखवता येत होतं, असं त्यात नोंदवलं आहे. त्यांनी एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांचे दुवे येतात त्यावर पानाचं वजन ठरवलं. गुगल सगळे शब्द असलेलीच पानं आणायचं, त्यामुळे अधिकच्या चिन्हाची गरज बहुतेकांना उरली नाही. २००१मध्ये क्रम लावण्याची मूळ रचना नव्याने लिहिली ती झाशीत जन्मलेल्या अमित सिंघल यांनी. कॉर्नेल विद्यापीठात शब्दांना वजन देऊन मजकूर शोधण्याचं शास्त्र घडवणाऱ्या जेरार्ड सॉल्टन यांचे ते विद्यार्थी. मला हा काळ शोधाचा सर्वांत चांगला वाटतो: यंत्र हुशार होतं आणि आपलं म्हणणं शब्दशः ऐकतही होतं.

त्याच निबंधात जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल अशी भीतीही पेज-ब्रिन यांनी लिहून ठेवली होती. ऑक्टोबर २०००मध्ये गुगलने ॲडवर्ड्स ही जाहिरातींची सेवा सुरू केली. पुढच्या दहा वर्षांत शोधात वर येण्यासाठीच लिहिलेल्या पोकळ लेखांचं पीक आलं आणि फेब्रुवारी २०११मध्ये ‘पांडा’ नावाचा बदल करून गुगलला ते खाली ढकलावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अधिकचं चिन्ह काढून टाकलं गेलं. नेमका शब्द हवा असेल तर अवतरणचिन्हं वापरा, असं सांगण्यात आलं. मला तो निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. त्यानंतर यंत्र आपण लिहिलेल्यापेक्षा आपल्याला काय म्हणायचं असेल याच्या अंदाजावर जास्त चालू लागलं.

त्या अंदाजाने फायदाही केला. ऑक्टोबर २०१९मध्ये ‘बर्ट’ नावाचा बदल आणताना गुगलने उदाहरण दिलं होतं: ब्राझीलहून अमेरिकेला येणाऱ्याला व्हिसा लागतो का? पूर्वी यंत्र इंग्रजीतला ‘टू’ हा छोटा शब्द मोजत नसे आणि अमेरिकेतून ब्राझीलला जाणाऱ्यांची माहिती दाखवी.

मराठीत हा प्रश्न जास्तच बिकट, कारण ‘टू’चं काम करणारा आपला ‘ला’ शब्दालाच चिकटतो आणि मूळ रूपही बदलतो. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याचा’ असलेलं पान सुटू शकतं. त्याआधीची अडचण तर आणखी मूलभूत होती. युनिकोड रुळण्यापूर्वी शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये लिहिलेलं पान डोळ्यांना मराठी दिसायचं, पण त्याच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असायचे, म्हणून यंत्राला त्यात मराठीचा शब्दही सापडत नसे. अमेरिकेतल्या मराठी घरांत त्या काळी मराठी शोधायचं म्हणजे रोमन लिपीतूनच.

ती सवय अजून उपयोगी पडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची असंख्य जुनी मराठी पुस्तकं आहेत, पण त्यांची नावं पुष्कळदा रोमन लिपीत, स्कॅन करणाऱ्याला सुचली तशी. ज्ञानेश्वरी हवी असेल तर सुरुवातीला डी-एन-वाय लिहून बघा, मग जे-एन, मग जी-वाय. मराठी माणूस, संस्कृतचा अभ्यासक आणि हिंदी भाषक ‘ज्ञ’ तीन तऱ्हांनी लिहितात. एवढ्याने नाही जमलं तर लेखकाचं आडनाव आणि प्रकाशनाचं वर्ष टाकून पुस्तकांची मुखपृष्ठं पाहत जावं. इथे उत्तराचे शब्द म्हणजे नोंद करणाऱ्या अनोळखी माणसाचं स्पेलिंग.

मे २०२४मध्ये अमेरिकेत गुगलने निकालांच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली उत्तरं दाखवायला सुरुवात केली. पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घाला, असा सल्ला त्यातून लोकांपर्यंत गेला. कुणीतरी कधीकाळी केलेली थट्टा यंत्राने खरी मानली होती. उत्तर कुठून आलं हे न बघता घेण्याची सवय लागली तर अशा चुका दिसणारही नाहीत, याची मला खरी काळजी वाटते. आणि कोणतं यंत्र वापरायचं हेही आपण क्वचितच निवडतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधाच्या बाजारातली मक्तेदारी बेकायदा राखल्याचा निकाल दिला. आपलं शोधयंत्र फोन आणि ब्राउझरवर आधीपासूनच लावलेलं असावं यासाठी गुगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजल्याचं त्या खटल्यात उघड झालं.

मे २०२४मध्येच गुगलच्या निकालांच्या वर ‘वेब’ नावाचा पर्याय आला. तो निवडला की नुसते दुवे उरतात. शिवाय शोधाच्या शब्दांपुढे इंग्रजीत ‘बिफोर’, कोलन आणि २०२० असं लिहिलं की मुख्यतः त्याआधीची पानं येतात आणि गेल्या काही वर्षांत यंत्रांनी लिहिलेला मजकूर बराचसा गळतो. पान मेलं असेल तर त्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या पानांच्या साठ्यात, टाकावा. गुगलने पानांच्या साठवलेल्या प्रती दाखवणं बंद केल्यानंतर सप्टेंबर २०२४पासून तेही तिकडेच दुवा देऊ लागलं.