डहाणूतली ‘धेनू’ आणि सरावलीतली ‘वली’

डहाणू म्हणजे मूळचं धेनुग्राम, गाईंचं गाव, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. ऐकायला गोड वाटतं, पण दगडावरचा पुरावा वेगळं सांगतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत, 10 क्रमांकाच्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने ज्या नद्यांवर नावेने फुकट पार होण्याची सोय केली, त्यांत तापी आणि दमणेबरोबर ‘दाहनुका’ येते. सुरुवातीला ‘ध’ नाहीच, ‘द’ आहे. दंशावरून डसणं आलं, तसा या ‘द’चा ‘ड’ झाला. शेवटचा ‘का’ झिजला आणि डहाणू उरलं. गाईचा इथे काही संबंध दिसत नाही.

स्थलनामांचं शास्त्र असंच चालतं. आजच्या उच्चारावरून अर्थ काढायचा नाही, आधी जुनं रूप शोधायचं. चिंचणीत सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटात संजाणला ‘संयान’ म्हटलंय. ‘य’चा ‘ज’ झाला, ‘न’चा ‘ण’.

आता बोईसरजवळची सरावली घ्या. शेजारी कुंभवली, थोडं पुढे उमरोळी, लोकलने खाली आलं की बोरिवली, कांदिवली. ही ‘वली’ बहुतेक अभ्यासक ‘पल्ली’शी, म्हणजे लहान वस्तीशी जोडतात. दोन स्वरांमधला एकटा ‘प’ प्राकृतात ‘व’ होतो: दीपचा दिवा, कपाटाचं कवाड. मग शूर्पारकाचं सोवारा का झालं नाही? कारण तिथे ‘प’ला ‘र’ चिकटलेला होता. जोडाक्षरातला ‘प’ तगला आणि सोपारा झालं. या नियमाचा मला फार आनंद वाटतो. न शिकलेल्या माणसांच्या जिभेनेही तो शतकानुशतकं पाळलाय.

झाडांवरून गावं ओळखणं तर जगभर चालतं. चिंचणी चिंचेची, उमरोळी उंबराची; पोलंडमध्ये ओकच्या राईवरून दोम्ब्रोव्हा. कधी नाव धंद्यावरूनही पडतं. तिथलंच ‘पिएकारी’ म्हणजे भटारी: राजासाठी पाव भाजणाऱ्यांची वस्ती.

तारापूर एमआयडीसीत मात्र पत्ता प्लॉट नंबरने सांगतात, आणि जुनी नावं मागे पडतात. त्यामुळे पाड्यांची, शेतांची, ओहोळांची नावं आत्ताच लिहून घ्यायला हवीत, तीही म्हाताऱ्या वारली माणसांच्या तोंडून, त्यांच्याच उच्चारात. सोबत जुने गावनकाशे, सातबारे आणि खरेदीखतं ताडून पाहावीत. कारकुनाने ‘शुद्ध’ करून लिहिलेलं नाव आणि बोलण्यातलं नाव दोन्ही शेजारी नोंदवावीत.