तयार मोटार की मागणीची मोटार?

विजयादशमीच्या सकाळी वाईच्या ढोल्या गणपतीपुढे नव्या कोऱ्या मोटारी ओळीने उभ्या राहतात. पुढे झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, आणि शेजारी नवी साडी नेसलेली गृहस्वामिनी. या ओळीतील बहुतेक गाड्या त्यांच्या धन्यांसाठी म्हणून घडलेल्या नसतात, हे वाचकांच्या ध्यानी आले आहे काय? पितृपक्षात खरेदी करू नये, असा आपला संकेत; कारखाने मात्र पितृपक्ष पाळीत नाहीत. तेव्हा विक्रेते त्या पंधरवड्यात गाड्या आणून आपल्या आवारात लावून ठेवतात, आणि घटस्थापनेपासून त्याच हातोहात जाऊ लागतात. मुहूर्त ज्याला हवा, त्याला तयार माल घ्यावा लागतो. माल मनाजोगता ज्याला हवा, त्याच्या हातून मुहूर्त सुटतो.

२०२४ च्या दसऱ्याला या ओळीत उभे राहण्याची आमची सर्व सिद्धता झाली होती, आणि आम्ही उभे राहिलो नाही. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

पतंजलींनी महाभाष्याच्या पस्पशाह्निकात शब्दाचे नित्यत्व समजावताना कुंभाराचा दृष्टान्त योजला आहे. घागर हवी असलेला मनुष्य कुंभाराच्या घरी जाऊन ती घडवावयास सांगतो. शब्द हवा असलेला मात्र वैयाकरणाच्या दारी जात नाही, कारण शब्द आधीच सिद्ध आहेत. आमचे विद्यार्थी या ठिकाणी नेहमी हसतात. आम्हांस मात्र त्या भाद्रपदात वारंवार वाटे, की भाष्यकारांच्या काळी मडकी बाजारात रचून ठेवलेली नसतील काय? निवडून, टिचकी वाजवून घ्यावयाचे मडके, आणि सांगून घडवून घ्यावयाचे मडके, यांतील निवड तेव्हाही गृहस्थाला पडतच असेल.

आमची जुनी मोटार चौदा वर्षे चालली. कृष्णाबाईच्या उत्सवापासून कोकणातल्या जत्रांपर्यंत आम्ही, तबलजी, पेटीवाले अण्णा आणि अण्णांची पेटी, असा संसार तिने वाहिला. त्या श्रावणात तिचा गियरबॉक्स निकामी झाला आणि गॅरेजवाल्याने हात टेकले. पुढे नवरात्र, कोजागरी, कार्तिक, दत्तजयंती. कीर्तनकाराच्या सुगीचे दिवस. तेव्हा साताऱ्याच्या एका विक्रेत्याकडे चिरंजीवांसह गेलो.

विक्रेत्याकडे दोन गाड्या तयार होत्या. पहिली गॅसवर चालणारी. तिचा मागचा कप्पा टाकीनेच भरलेला, पेटी ठेवावी कोठे? काही कंपन्या आता दोन लहान टाक्या तळाशी बसवितात, पण या गाडीत ती सोय नव्हती. दुसरी पेट्रोलची, पेटी सुखाने मावेल अशी, आणि तिच्यावर ४८,००० रुपयांची सूट. मात्र ती क्लचची. अडीच तास उभे राहून कीर्तन केल्यावर रात्री पसरणीचा घाट उतरताना आमचा डावा गुडघा क्लचवर कसा कळवळतो, ते आमचे आम्ही जाणतो. आम्हांस हवी होती आपोआप गियर बदलणारी. ती सांगून मागवावी लागणार होती: मुदत बारा आठवडे, सूट शून्य, वर ५५,००० रुपये अधिक.

“बुवा, दसऱ्याला दारात गाडी हवी ना? मग ही घ्या,” तो तरुण विक्रेता म्हणाला. चिरंजीवांचेही मत तेच. घरी आलो तर सौभाग्यवतींनी झेंडूच्या माळेचा विचारही करून ठेवलेला.

येथे थोडे तयार मालाविषयी सांगणे अवश्य आहे, कारण सूट उगाच मिळत नसते. विक्रेत्याने गाडी बहुधा कर्ज काढून आणलेली असते. ती जितके दिवस उभी, तितके व्याज. त्यात डिसेंबर उलटला की तीच गाडी ‘गेल्या वर्षीची’ ठरते, म्हणून वर्षअखेरीस सूट वाढते. गाडी कधी घडली हे चासी क्रमांकात सांकेतिक अक्षरांनी गुंफलेले असते. पण प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा, तेव्हा त्या कूटाच्या नादी न लागता विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, मागावे. त्यात निर्मितीचा महिना व वर्ष स्पष्ट लिहिलेले असते आणि पुढे नोंदणी पुस्तिकेतही तेच उतरते. टायरच्या कडेवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पावसाळाभर उघड्यावर उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असू शकते, ब्रेकच्या चकतीवर गंज चढतो, आणि उंदरांना वायरींची गोडी असते. दिवसाउजेडी, आवारात जाऊन पाहावे. दिव्यांच्या झगमगाटात सर्वच गाड्या नवरीसारख्या दिसतात.

आमच्यापुढची गाडी मे महिन्यात घडलेली होती. म्हणून ती वाईट ठरते काय? मुळीच नाही. हमीची मुदत विक्रीच्या दिवसापासून मोजतात. निर्मितीचे वर्ष बोचते ते तीन-चार वर्षांत गाडी विकणाऱ्याला, कारण जुन्या गाडीचा ग्राहक आधी पुस्तिकेतले वर्ष पाहतो. बारा-चौदा वर्षे वापरणाऱ्याला सात महिन्यांचा फरक जाणवत नाही. परंतु क्लच? तो बारा वर्षे रोज पायाखाली राहणार! जो दोष काळाने पुसला जातो त्यासाठी सूट अवश्य घ्यावी. जो रोज भेटणार आहे, त्याच्यावर ती घेऊन काय करावयाचे? एवढाच विचार आम्ही केला आणि पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. बुडालेली सूट ४८,०००. अधिक किंमत ५५,०००. सुगीभर भाड्याच्या गाड्या, अंदाजे ४०,०००. एकूण १,४३,०००. बारा वर्षांवर वाटले तर महिन्याला सुमारे हजार रुपये. गुडघ्याच्या मानाने आम्हांस ते महाग वाटले नाहीत. दुसऱ्याच्या पाटीवर हिशेब उलटाही येईल, आणि तोही बरोबरच असेल.

मागणी नोंदविली. पावतीवर प्रकार, रंग, मुदत आणि मागणी रद्द केल्यास रक्कम परत मिळण्याची अट लिहून घेतली. एक अट मात्र विक्रेत्याची: किंमत गाडी हाती येईल त्या दिवसाची. बहुतेक ठिकाणी ती असतेच. पूर्ण रक्कम आम्ही चासी क्रमांक पाहिल्यावाचून दिली नाही.

वाट पाहणे आमच्या पिढीला नवे नाही. १९७६ साली वडिलांनी नोंदविलेली स्कूटर आठ वर्षांनी घरी आली. त्या काळी नोंदणीचा क्रमांकच ‘ऑन’ घेऊन विकला जाई. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ग्राहकाच्या हाती गेली आणि हळूहळू ते दिवस पालटले. ते सरले म्हणावे, तो २०२१ च्या घटस्थापनेला, ७ ऑक्टोबर रोजी, महिंद्रच्या एक्सयूव्ही ७०० ची नोंदणी उघडली आणि ५७ मिनिटांत २५,००० मागण्या आल्या. चिपांचा जगभर दुष्काळ, त्यामुळे काही प्रकारांसाठी लोक वर्षाहून अधिक थांबले. उलट घाईचीही उदाहरणे आहेत. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री थांबविण्याचा आदेश दिला, आणि दोन दिवस दुकानांपुढे झुंबड उडाली. आमच्या एका विद्यार्थ्याने गरज नसता मोटारसायकल घेतली. त्याला ती चालविता येत नव्हती.

आमचा निर्णय मात्र आमच्या एकट्याच्या अंगावर पडला नाही. कोजागरीचे कीर्तन एका आडगावी होते. रात्री एक वाजता भाड्याची गाडी यावयाची ती आलीच नाही. बाहात्तर वर्षांचे अण्णा देवळाच्या ओसरीवर पेटीला टेकून पहाटे पाचच्या एस. टी.पर्यंत बसले. ते काही बोलले नाहीत. “बुवा, चांदणे छान पडलंय,” एवढेच म्हणाले. आमच्या पाटीवर या रात्रीचा आकडा कोठेच नव्हता.

पुढे बारा आठवड्यांचे पंधरा झाले. दत्तजयंती हुकली. जानेवारीत किमती वाढल्या. त्या वाढीचे ९,००० रुपयेही आम्हीच भरले. २०२५ च्या जानेवारीअखेर, एका साध्या बुधवारी, गाडी दारी आली. त्यानंतर आठ महिन्यांनी, २२ सप्टेंबरला, पुन्हा घटस्थापनेच्याच दिवशी, चार मीटरपर्यंतच्या व १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरचा २८ टक्के कर व १ टक्का उपकर जाऊन १८ टक्के कर आला. आमच्यासारख्या मोटारीची किंमत केवळ करापोटी साडेआठ टक्क्यांच्या आसपास उतरली. चिरंजीवांनी फोन करून ती बातमी आम्हांस दोनदा वाचून दाखविली.

मेमध्ये घडलेली ती क्लचची गाडी दसऱ्याच्या दोन दिवस आधीच पाचवडच्या एका शिक्षकाने नेली. अधूनमधून महामार्गावर दिसते. छान चालली आहे. आमच्या गाडीला यंदा दसऱ्याची माळ आहेच. पेटी मागच्या कप्प्यात आडवी बसते, तबला-डग्गा तिच्या शेजारी. पसरणीचा घाट उतरताना डावा पाय आम्ही मोकळा सोडतो, आणि अण्णा पुढच्या आसनावर निवांत डुलक्या घेतात.