चूल वेगळी, सातबारा एकच

एकत्र कुटुंबपद्धती मोडली, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की निबंधाच्या पहिल्या ओळीत ते नसले तर परीक्षकालाच चुकल्यासारखे वाटावे. पूर्वी सारे गुण्यागोविंदाने एका छपराखाली नांदत होते. मग कारखाने आले, शहरे वाढली आणि राजाराणीचा संसार सुरू झाला, असे हे सरळसोट चित्र. ते कितपत खरे आहे?

मुळात ‘एकत्र’ कशाला म्हणायचे? डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात त्याची लक्षणे दिली आहेत. एका घरात राहणे, एका चुलीवर शिजलेले अन्न खाणे, मालमत्ता सामाईक असणे, कुलाचार एकत्र पाळणे आणि परस्परांशी नात्याने बांधलेले असणे. ही सारी लक्षणे एकाच दिवशी नाहीशी होतील असे मानण्याचे कारण नाही. चूल वेगळी झाली तरी देव एकच राहतात. देव वेगळे झाले तरी जमीन वाटली गेलेली नसते. सौराष्ट्रातील महुवा गावाची पाहणी करणारे समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी हाच मुद्दा मांडला. कुटुंबाची एकत्रता छपरावरून नव्हे, तर देण्याघेण्याच्या संबंधांवरून ओळखावी, असे त्यांचे म्हणणे.

शिवाय ‘पूर्वी सगळीच कुटुंबे मोठी होती’ हेही तितकेसे खरे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्याही आत होते. नातवंडे मोठी होईपर्यंत आजी-आजोबा हयात असणे ही त्या काळी भाग्याचीच गोष्ट! वाड्यातील पंचवीस पानांची पंगत आपल्याला आठवते, कारण वाड्यातल्या माणसांनी आठवणी लिहिल्या. शेतमजुराच्या खोपटातील पंगतीविषयी कोणी लिहिले?

आपल्याकडे या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण कोकणात सापडते. १८५० नंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातला तरुण बोटीने मुंबईला जाऊ लागला. तो जाई तो बहुधा एकटाच. बायको, मुले, आईवडील गावी. मुंबईत गाववाल्यांच्या सामाईक खोलीत वळकटी ठेवण्यापुरती जागा, पाळ्यांप्रमाणे झोपणे आणि जेवण खानावळीत. दर महिन्याला मनीऑर्डर, शिमग्याला किंवा गणपतीला गावी फेरी. आता या कुटुंबाला एकत्र म्हणावे की विभक्त? जनगणना एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांचे एक कुटुंब मानते. त्या हिशेबाने हा चाकरमानी घरचा नव्हेच. आणि घर तर चालते त्याच्याच पैशावर! कारखाने आले म्हणून एकत्र कुटुंब मोडले, असे येथे म्हणता येत नाही. उलट गावचे एकत्र घर होते म्हणूनच गिरणीला एकट्या माणसाच्या पोटापुरत्या पगारावर कामगार मिळत राहिला. त्याच्या आजारपणाचा, बेकारीचा आणि म्हातारपणाचा भार गावच्या घराने उचलला.

गावच्या घराने म्हणजे नेमका कोणी? भातलावणी, गुरे, सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणे, मुलांची शाळा हे सारे मागे राहिलेल्या बाईने केले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर १००० पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. या एका आकड्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मुंबईतल्या खानावळी चालवणाऱ्याही बहुतांशी बायाच. त्यांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ या नावाने उभी केली. कुटुंबाचा आकार कोणताही असो, दोन्ही टोकांना चूल बाईच्याच हाती होती. आपल्या अभ्यासक्रमातील विवेचनात ही गोष्ट बहुधा तळटीपेत जाते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तेव्हा कित्येकांनी गावची वाट धरली, ती याच घराच्या भरवशावर. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, मनीऑर्डर थांबली आणि धाकटी पिढी बायकामुलांसह उपनगरांत स्थिरावली. गावात उरली म्हातारी माणसे. त्यांना कोणी पाहायचे हा प्रश्न इतका गंभीर झाला की २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहासाठी देशात कायदा करावा लागला.

आणि तरीही सातबारा पाहावा. भाऊ ठाण्याला, चुलतभाऊ विरारला, गावचे घर गणपतीपुरते उघडते. उताऱ्यावर मात्र साऱ्यांची नावे सामाईक! बहिणीच्या नावाचे काय? महाराष्ट्राने १९९४ साली, तोपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मसिद्ध वाटा दिला. २००५ साली देशाच्या कायद्याने लग्नाची अट काढून तो हिंदू घरांतील सर्वच मुलींना दिला. व्यवहारात मात्र हक्कसोडपत्र पुढे येते. बहीण सही करते, कारण न केल्यास माहेर तुटेल ही धास्ती. भावांनी वेगळ्या चुली मांडल्या तेव्हा कुटुंब मोडले असे कोणी म्हटले नाही. बहिणीने वाटा मागितला की मात्र तोच शब्द ताबडतोब निघतो.