सोळा एमबीतला धडा

2020 च्या जूनमध्ये शाळा उघडल्याच नाहीत आणि 29 तारखेला केंद्र सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली. देशभर बोलबाला झाला टिकटॉकचा. सातपुड्यासारख्या भागात शिकवणाऱ्यांना मात्र खुपली ती वेगळी नावं: शेअरइट, झेंडर, व्हिवाव्हिडिओ. रेंज नसताना एका फोनमधला व्हिडिओ दुसऱ्यात टाकायचा तर पहिली दोन कामाची, आणि चित्रीकरणाची काटछाट तिसऱ्यावर. हाताशी उरलं व्हॉट्सॲप. त्यातून तेव्हा 16 एमबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नसे. भाषेचा धडा किती मिनिटांचा असावा, हे असं ठरलं. वाईट ठरलं नाही. दुसरीतलं पोर चार मिनिटांपलीकडे ऐकतं कुठे?

त्याआधीचा काळ पैशांचा होता. पुण्यात 1984 मध्ये मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी सुरू झाली. स्टुडिओ, कॅमेरे, दूरदर्शनवर ठरलेली वेळ, सगळा सरंजाम होता. ती 2017 मध्ये बंद पडली, तोवर कॅमेरा खिशात आला होता. पण त्या कार्यक्रमांचा प्रेक्षक मराठी समजणारं मूल असं गृहीत होतं. सातपुड्यातल्या नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे. धडगावकडे घरात पावरी, नवापूरकडे मावची, इतरत्र भिलीच्या नाना तऱ्हा. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. मराठी बहुतेकांना पहिलीच्या वर्गात भेटते. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर आलेली ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका कल्पक होती, तरी तिचीही बोली मराठीच. शिवाय टीव्ही हवा आणि वीजही. देशातलं पहिलं आधार कार्ड 2010 मध्ये ज्या टेंभलीत दिलं गेलं ती याच जिल्ह्यातली. म्हणून डोंगरातल्या पाड्यांवर मोबाइलचे टॉवर आले असं झालं नाही.

स्वस्त व्हिडिओचा खरा फायदा इथे. शिक्षक त्याच बोलीतला असला, तर त्याला कोणाची मंजुरी लागत नव्हती. मोहाची फुलं, टोपलं, ढोल असं हाताशी असेल ते समोर धरायचं, आधी घरचा शब्द, मग मराठी, मग मुलाला म्हणायला थोडी जागा. फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला. चित्र अंधूक असलं तरी चालतं, आवाज अंधूक असून चालत नाही. भाषेच्या धड्यात ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू आले नाहीत तर सगळंच फुकट. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ध्वनिमुद्रण करून बघावं, म्हणजे पन्नास-शंभर रुपयांच्या इयरफोनच्या माइकची किंमत कळते. तो ओठांजवळ धरावा, आणि ओठ दिसतील इतका फोन जवळ घ्यावा. पार्श्वसंगीत माझ्या मते घालूच नये; फुकट मिळतं म्हणून घालतात.

2020 च्याच जुलैच्या 29 तारखेला नवं शैक्षणिक धोरण आलं. किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, मातृभाषेतून शिक्षण द्यावं असं त्यात म्हटलं आहे. कागदावर ते येत होतं तेव्हा कोणाच्या तरी फोनवर ते चालूही होतं.

शाळा उघडल्या, धड्यांचे व्हॉट्सॲप गट थंडावले. फोन बदलला की धडे गेले, मेमरी भरली की आधी हेच पुसले. एक टीबीच्या हार्डडिस्कवर सोळा एमबीचे साठ हजारांवर धडे बसतात. ती चार-पाच हजारांना मिळत होती.