शटर खाली येण्यापूर्वी

रात्रीचे साडेनऊ वाजतात. लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या दुकानांची शटर एकामागून एक खाली ओढली जाऊ लागतात. गल्ल्यातील रोकड मोजायची, नोकरांना दुसऱ्या दिवशीच्या सूचना द्यायच्या, मालाच्या गाडीची चौकशी करायची. एवढे उरकून दुकानाचा मालक औसा रोडवरील घरी पोहोचतो, तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. दाराची बेल वाजताच चार वर्षांचे मूल अंथरुणातून उठते आणि ‘पप्पा आले’ म्हणत धावत सुटते. वडिलांचा दिवसभराचा शीण त्या क्षणी उतरतो. मग घोडा-घोडा होतो, गोष्ट होते, थोडा मोबाईल होतो. निजायला अकरा-सव्वाअकरा वाजतात. सकाळी साडेसहाला आई हाका मारू लागते, तेव्हा तेच मूल डोळे उघडायला तयार नसते. रडारड, धाकदपटशा, अर्धवट प्यालेले दूध आणि दारात वाजणारा स्कूल व्हॅनचा भोंगा यांत घराची सकाळ सुरू होते.

हे वर्णन कोणा एका कुटुंबाचे नाही. लातूरच्या आडत बाजारापासून नांदेडच्या वजिराबादपर्यंत व्यापारी घरांत थोड्याफार फरकाने हेच घडते. यात दोष कोणाचा? वडिलांना मुलाची ओढ आहे, मुलाला वडिलांची आहे. आईचा आग्रह शिस्तीचा आहे आणि तोही योग्यच आहे. चूक माणसांत नसून वेळापत्रकात आहे. दुकानाचे घड्याळ आणि लहान मुलाचे घड्याळ ही दोन निरनिराळी घड्याळे असून घरातील सारी ओढाताण त्यांच्यातील अंतरातून जन्म घेते.

हे अंतर पूर्वी इतके नव्हते. गंजगोलाईची वर्तुळाकार बाजारपेठ १९१७ साली उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते अशी तिची रचना आजही लातूरची ओळख आहे. अशा जुन्या पेठांत खाली दुकान आणि वर माडीवर बिऱ्हाड ही सर्वसाधारण पद्धत होती. दुपारच्या जेवणाला मालक जिना चढून वर जात असे. मूल जिना उतरून गादीवर येई, तक्क्याला टेकून झोपी जाई, तराजूच्या वजनांशी खेळे. वडील ‘वेळ देत’ नसत. ते समोर असत, एवढेच. नांदेडच्या जुन्या मोंढ्यातील घरांतही हीच रीत होती. पुढे पेठेत गर्दी वाढली, वाहने वाढली. कुटुंबे मोकळ्या हवेच्या वसाहतींत राहायला गेली. घरे प्रशस्त झाली, मुलांना स्वतंत्र खोल्या मिळाल्या. मात्र दुकान आणि घर यांच्यामध्ये दोन-चार किलोमीटरचा रस्ता आला आणि त्या रस्त्यावर वडिलांचा सारा दिवस अडकून पडला.

आता थोडा हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीन ते चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास चांगली झोप हवी आणि पडद्यासमोर बसणे एक तासाहून अधिक नको, असे त्यांत म्हटले आहे. रात्री अकराला निजून सकाळी साडेसहाला उठणाऱ्या मुलाची झोप साडेसात तास होते. किमान गरजेहूनही अडीच तास कमी. दुपारी एखादा तास डोळा लागला, तरी रोज दीड तासाची तूट राहतेच. व्यवहारात रोज तूट येणाऱ्या खात्याकडे कोणताही शहाणा व्यापारी दुर्लक्ष करीत नाही. लहान मुलाच्या झोपेची तूट मात्र ‘पोर किरकिरे आहे’, ‘हट्टी झाले आहे’ अशा नावांनी खर्ची टाकली जाते.

शासनाने या प्रश्नाची दखल घेतली, ही समाधानाची बाब होय. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा, असे सुचविले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात सांगितले गेले. व्हॅनचे मार्ग, दोन सत्रांतील शाळा, नोकरदार पालकांच्या अडचणी अशी कुरबुर त्यावर झाली. परंतु व्यापारी घराने या निर्णयाकडे वेगळ्या दृष्टीने पाहायला हवे. कापड, किराणा, भांडी, औषधे यांची बहुतेक दुकाने सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उघडतात. म्हणजे नऊला भरणारी शाळा व्यापारी वडिलांच्या पदरात सकाळचा एक आयता तास टाकते. संध्याकाळ गिऱ्हाइकाची असेल. सकाळ मुलाची होऊ शकते.

हा तास जमा कोणाच्या खाती होतो, हाच खरा प्रश्न आहे. रात्रीची झोप लांबविण्यात तो गेला, तर हाती काहीच लागत नाही. शिकवणीत गेला, तर आणखी वाईट. आणि लातूर-नांदेडच्या हवेत शिकवणीचा मोह आवरणे सोपे नाही.

‘लातूर पॅटर्न’ हे मराठवाड्याला अभिमान वाटावा असे नाव आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांतील प्राचार्यांनी आणि प्राध्यापकांनी तो परिश्रमाने उभा केला. वारंवार सराव चाचण्या, प्रत्येक चुकीची चिकित्सा, जादा तास आणि विद्यार्थ्यावर बारीक लक्ष हे त्याचे मर्म. पुढे नांदेडही वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीचे मोठे केंद्र झाले. पण ही सारी पद्धत अकरावी-बारावीच्या, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी घडविलेली होती. आज तिची सावली बालवर्गापर्यंत उतरू पाहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात शिक्षण खेळातून व कृतीतून व्हावे, असे स्पष्ट सांगितले आहे. पाया भरताना वरच्या मजल्याच्या खिडक्या बसवीत नाहीत, हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला कळते.

जैन घरांजवळ मुलाला लवकर निजविण्याची एक परंपरागत व्यवस्था आधीपासूनच आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन! धर्मदृष्टीने तिचा हेतू अहिंसा आणि संयम हा आहे. पण लहान मुलाच्या दिनक्रमालाही ती किती अनुकूल आहे, याचा विचार क्वचितच होतो. जे मूल सूर्यास्ताच्या आत जेवते, त्याची संध्याकाळ मोकळी राहते, पोट हलके होते आणि साडेआठ-नऊला त्याला आपोआप झोप येते. चोविहार पाळणाऱ्या घरात रात्री दहाला ‘पप्पांबरोबर थोडेसे’ म्हणून पुन्हा खाणे होत नाही.

यात एक अडचण आहे आणि ती मान्य करायला हवी. जुलैच्या आरंभी लातूर-नांदेडकडे सूर्यास्त सातच्या आसपास होतो. तेव्हा सारे थोडे सैल जमते. नोव्हेंबरच्या अखेरीस मात्र सूर्य पावणेसहाच्या सुमारासच मावळतो आणि नेमका तोच काळ मोंढ्यात सोयाबीनच्या आवकेचा, पेठेत दिवाळीनंतरच्या लगीनसराईचा असतो. सौदे, मापे, पट्ट्या, हमाल, ट्रक यांतून पाच वाजता उठून घरी जेवायला जाणे आडत्याला शक्य नसते. अनेक घरांतून म्हणूनच डबा दुकानात जातो. त्या डब्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन वेळा मूलही गेले, तर? गादीवर वडिलांच्या शेजारी बसून त्याने चार घास खावेत, पोत्यांचा वास घ्यावा, हमालकाकांना नमस्कार करावा आणि आई किंवा आजोबांबरोबर घरी परतावे. पंधरा-वीस मिनिटांचाच हा खेळ. पण जुन्या माडीच्या जिन्याचे काम हा डबा करू शकतो.

या साऱ्यात आईचा विचार वेगळा करायला हवा. आजची तरुण आई पुष्कळदा वाणिज्य शाखेची पदवीधर असते. दुकानाची बिले, बँकेचे व्यवहार, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे तीच पाहते. दर महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली, की मुले निजल्यावर तिचा संगणक उघडतो. पहाटेचा डबा, शाळा, पाठशाळा, सासूबाईंची औषधे, पाहुणे हे सारे त्याखेरीज. मुलाने उशिरापर्यंत जागावे, ही त्या आईच्या दृष्टीने केवळ शिस्तीची बाब नाही. तिच्या स्वतःच्या विश्रांतीची, कधी कधी प्रकृतीचीही ती बाब आहे. ‘मुलांचे सारे तीच पाहते’ हे वाक्य घराघरांत कौतुकाने उच्चारले जाते. त्यात कौतुकाइतकीच कबुलीही दडलेली आहे.

आजी-आजोबा हा एकत्र कुटुंबाचा मोठा आधार. गोष्टी, णमोकार मंत्र, पाणी गाळून पिण्याची सवय, ताटात न टाकण्याचा नियम हे सारे त्यांच्याकडूनच मुलांत उतरते. पण मूल ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा या शहरातील लहान मुले तांब्या अर्धाच भरायला शिकली. त्यांना कोणी धडा दिला नव्हता. घरातील मोठी माणसे तसे करताना दिसत होती, म्हणून ती शिकली. सचोटी, गोड वाणी, हिशेबातील चोखपणा हे व्यापाऱ्याचे गुणही असेच उतरतात. मात्र त्यासाठी व्यापारी बाप मुलाला जागेपणी दिसला पाहिजे.

तो किती दिसतो? दोन ते आठ ही सहा वर्षे धरली, तर ते २१९० दिवस होतात. वडील रोज अर्धा तास मुलाबरोबर असतील, तर सहा वर्षांत १०९५ तास, म्हणजे जेमतेम पंचेचाळीस अहोरात्र त्याच्या वाट्याला येतात. त्यात सकाळच्या पाऊण तासाची भर पडली, तर हा आकडा एकशे चौदा दिवसांच्या घरात जातो. अल्प पण नियमित बचतीचे सामर्थ्य व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की या खात्यात मागील हप्ता नंतर भरता येत नाही.

त्यासाठी मोठे त्याग नकोत; थोडी व्यवस्था हवी. जेथे दोन-तीन भाऊ एकाच पेढीवर बसतात, तेथे शटर लावण्याची पाळी ठरवावी, म्हणजे प्रत्येकाला आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी तरी मुले जागी असताना घर गाठता येईल. एकटा दुकानदार असेल, तर त्याने सकाळ धरावी. दूध, आंघोळ आणि शाळेपर्यंत सोडणे एवढे काम स्वतःकडे घ्यावे. त्या वेळात मोबाईल खुंटीला टांगावा. रात्री उशीर झाल्यास निजलेल्या मुलाला उठवू नये. डोक्यावरून हात फिरवावा आणि सकाळची वाट पाहावी. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडे ठेवण्यास मुभा दिली; पण कामगाराला साप्ताहिक सुटी देणे बंधनकारक ठेवले. मालकाला मात्र सुटी देणारा कायदा नाही. ती त्यानेच स्वतःला मंजूर करायची आहे, निदान अर्ध्या दिवसाची.

एक आठवडाभर करून पाहण्याजोगा प्रयोग असा. रोकडवहीशेजारी एक लहान वही ठेवावी आणि त्या दिवशी मूल जागे असताना आपण त्याच्याबरोबर किती मिनिटे होतो, तेवढाच आकडा रात्री तीत लिहावा. शेरा नको, सबब नको. सात दिवसांनी बेरीज करावी आणि ती पत्नीला दाखवावी. पुढचे वेळापत्रक त्या दोघांनी मिळून आखावे.

गंजगोलाईतील दिवे रोज रात्री विझतात आणि सकाळी बाजार पुन्हा भरतो. गिऱ्हाईक आज परतले, तरी उद्या येईल. घरातील चार वर्षांचे मूल मात्र पुढल्या दिवाळीला पाच वर्षांचे झालेले असेल आणि बेल वाजल्यावर दाराशी धावत येण्याचे त्याचे दिवस मोजकेच उरलेले असतील.